आरसी रेसिंग बग्गी: बॅटरी कोणती घ्यावी आणि वजन कुठे ठेवावे

१/१० मापाच्या, विजेवर धावणाऱ्या आरसी (रेडिओ कंट्रोलने दुरून चालवायच्या) बग्गीतला सर्वांत जड सुटा भाग कोणता, असे विचारले तर बरेच जण मोटर असे उत्तर देतात. मोटर साधारण १६० ते १८० ग्रॅम भरते. बॅटरी पॅक मात्र आखूड मापाचा घेतला तरी बहुधा २०० ग्रॅमच्या आसपास जातो आणि लांब मापाचा घेतला तर ३०० ग्रॅमला टेकतो. सगळी गाडी मिळून दीड किलोच्या जवळपास असते, म्हणजे तिचा सातवा ते पाचवा हिस्सा एकट्या बॅटरीचा झाला. शिवाय मोटर गिअरबॉक्सला स्क्रूने जखडलेली असते, तिला हलवायचे म्हटले तर सगळी रचनाच बदलावी लागते. बॅटरी मात्र फोमचा एक तुकडा इकडून काढून तिकडे ठेवला की २० मिलिमीटर मागे किंवा पुढे सरकते. गाडीचे वळणे, उडी मारणे आणि माती पकडून सुटणे यांवर इतका परिणाम करणारा आणि इतक्या सहज हलवता येणारा दुसरा भाग बग्गीत नाही. तरीही पॅक विकत घेताना आपण पाहतो ते त्यावर छापलेले एमएएचचे (साठवण किती) आणि ‘सी’चे (प्रवाह किती देता येतो) आकडे. वजन, उंची आणि बसण्याची जागा यांचा विचार पॅक घरी आल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

आकड्यांकडे पाहण्याची ही सवय जुन्या काळातून आली आहे आणि त्या काळात ती बरोबरच होती. १९८४ मध्ये टीम असोसिएटेड कंपनीची आरसी१० ही बग्गी आली तेव्हा अशा गाड्यांमध्ये निकेल-कॅडमियमचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्टचा पॅक असे. त्यातली साठवण इतकी कमी होती की शर्यत संपेपर्यंत बॅटरी पुरवणे हेच चालकाचे एक मोठे कौशल्य मानले जाई आणि गिअरिंगही त्याच हिशेबाने ठरत असे. पुढे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल आले, साठवण वाढली, पण सहा सेलांचे वजन सुमारे ४०० ग्रॅमपर्यंत गेले. त्यानंतर लिथियम-पॉलिमर म्हणजे लायपो आले आणि हिशेबच बदलला. दोनच सेल, ७.४ व्होल्ट, साठवण जास्त आणि वजन शंभर ग्रॅमहून अधिक कमी. काही गाड्या तर वर्गाच्या किमान वजनमर्यादेच्या खाली गेल्या आणि चॅसिसला वरून वजनाच्या पट्ट्या चिकटवण्याची वेळ आली. साठवणीची टंचाई तेव्हाच संपली, आकडा पाहण्याची सवय मात्र मागे राहिली.

आपल्याला किती साठवण लागते, हे आधी मोजावे

हे मोजणे अगदी सोपे आहे. पूर्ण चार्ज केलेला पॅक गाडीत घालून शर्यत जितक्या मिनिटांची असेल तितकी मिनिटे शर्यतीच्याच वेगाने गाडी चालवावी. पॅक थंड झाल्यावर तो पुन्हा पूर्ण चार्ज करावा आणि चार्जरच्या पडद्यावर शेवटी दिसणारा, पॅकमध्ये किती भरले हे सांगणारा आकडा वहीत लिहून ठेवावा. समजा ५ मिनिटांच्या फेरीनंतर हा आकडा २,१५० एमएएच आला. याचा अर्थ गाडीने सरासरी २६ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला, कारण २.१५ अँपिअर-तासांना एका तासाच्या बाराव्या भागाने भागले की २५.८ येतात. शर्यतीआधीच्या एक-दोन सरावफेऱ्यांसाठी ३५० एमएएच धरले तर एकूण गरज २,५०० होते. लायपो तळापर्यंत रिकामा करू नये, साधारण ८० टक्के वापरून थांबावे, असा रिवाज आहे. म्हणून २,५०० ला ०.८ ने भागले की ३,१२५ एमएएच हा आकडा मिळतो. अशा गाडीला ४,००० एमएएचचा पॅक पुरून उरतो, मग ७,००० एमएएचचा पॅक घालून आपण काय मिळवतो, तर न वापरलेल्या साठवणीचे वजन पाच मिनिटे ट्रॅकभर वाहून नेतो.

अर्थात इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. एकाच बनावटीच्या दोन पॅकपैकी मोठ्या साठवणीचा पॅक शेवटच्या मिनिटापर्यंत व्होल्टेज जास्त धरून ठेवतो, कारण तो कमी प्रमाणात रिकामा झालेला असतो आणि त्याचा अंतर्गत रोधही बहुधा कमी असतो. त्यामुळे बळकट मोटर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह बग्गीसाठी किंवा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांसाठी मोठा पॅक घेण्यात चूक काही नाही. निवड करताना आपला स्वतःचा मोजलेला आकडा समोर असावा, एवढेच सांगणे आहे. टू-व्हील ड्राइव्ह बग्गीत स्टॉक, म्हणजे कमी ताकदीच्या वर्गाची शांत मोटर असेल तर हा आकडा इतका कमी येतो की अनेकांना तो पहिल्यांदा खरा वाटत नाही.

पॅकची मापे

दोन सेलांचे हार्डकेस, म्हणजे कडक कवचाचे पॅक मुख्यतः तीन घडणींत मिळतात. लांब पॅक सुमारे १३९ मिमी लांब, ४७ मिमी रुंद आणि २५ मिमी उंच असतो. जुन्या सहा सेलांच्या जागेत बसावा म्हणून हे माप ठरले. सॅडल पॅक म्हणजे त्याच लांब पॅकचे दोन अर्धे, तारेने एकमेकांना जोडलेले, गाडीच्या मधल्या शाफ्टच्या दोन्ही बाजूंना खोगिरासारखे बसणारे. एकेकाळी फोर-व्हील ड्राइव्ह बग्ग्यांत हेच चालत असत. तिसरा शॉर्टी, लांबी सुमारे ९६ मिमी, रुंदी तीच ४७ मिमी. आजच्या मिड-मोटर (मोटर मागच्या आसाच्या पुढे असलेल्या) बग्ग्या बहुतेक याच मापाभोवती आखलेल्या असतात. शॉर्टीतही २५ मिमी उंचीचे पॅक आणि साधारण १८ ते २० मिमी उंचीचे बसके पॅक असे प्रकार आहेत. बसक्यांना एलसीजी म्हणतात, म्हणजे गुरुत्वमध्य खाली नेणारे. ते उंचीला कमी तसे वजनालाही कमी, १७० ते २०० ग्रॅमच्या दरम्यान. आपल्या चॅसिसमध्ये कोणते माप बसते हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावेच, पण बॅटरीवरच्या पट्टीची उंची बदलता येते का, हेही पाहावे. बसका पॅक घेतला आणि पट्टी उंचच राहिली तर मधल्या पोकळीत पॅक उडीच्या वेळी आपटत राहतो.

‘सी’च्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा

पॅकवर १००सी असे छापलेले असते. त्याचा शब्दशः अर्थ असा की ५,००० एमएएचचा पॅक ५०० अँपिअर देऊ शकतो. एवढा प्रवाह सलग वाहू दिला तर पॅकच्या तारा आणि पिना आधी वितळतील, त्यामुळे हा आकडा गाडीच्या कामाचा नाही, आणि एका उत्पादकाचा १००सी दुसऱ्याच्या १००सीशी ताडून पाहण्याचीही सोय नाही. त्यापेक्षा अंतर्गत रोध पाहावा. बरेचसे चांगले चार्जर प्रत्येक सेलचा रोध मिलिओहममध्ये दाखवतात. समजा एका पॅकचा एकूण रोध ४ मिलिओहम आहे आणि दुसऱ्याचा ८. वळणातून बाहेर पडताना गाडीने ६० अँपिअर ओढले तर पहिल्या पॅकमध्ये ०.२४ व्होल्ट आतल्या आत खर्च होतात, दुसऱ्यात ०.४८. साडेसात-पावणेआठ व्होल्टच्या हिशेबात हा फरक ३ टक्क्यांच्या घरात जातो आणि सरळ पट्टीवर तो हाताला जाणवतो. पॅक किती तापेल हेही त्यावरच ठरते, कारण त्याच ६० अँपिअरला पहिल्या पॅकमध्ये सुमारे १४ वॉट उष्णता होते आणि दुसऱ्यात सुमारे २९ वॉट.

हा रोध पॅकच्या वयाबरोबर वाढत जातो आणि तापमानाप्रमाणे बदलतो. थंड पॅक जास्त रोध दाखवतो, कोमट पॅक कमी. त्यामुळे आकडे ताडून पाहायचे असतील तर एकाच चार्जरवर, साधारण एकाच तापमानाला आणि एकाच चार्ज-पातळीला मोजावेत. दोन सेलांच्या रोधात मोठी तफावत दिसू लागली की तो पॅक सरावासाठी बाजूला काढावा.

व्होल्टेजबद्दल थोडक्यात. साधा लायपो सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, म्हणजे दोन सेलांचा पॅक ८.४ व्होल्टला. हाय-व्होल्टेज म्हणून मिळणारे सेल ४.३५ व्होल्टपर्यंत भरता येतात, मात्र अनेक स्पर्धांच्या नियमांत चार्जची मर्यादा ८.४० व्होल्टच असते आणि ती शर्यतीआधी मीटर लावून तपासली जाते. हार्डकेसची सक्ती आणि वर्गाचे किमान वजन हेही नियमांत असते. टू-व्हील ड्राइव्हला दीड किलोच्या आसपास आणि फोर-व्हील ड्राइव्हला सुमारे शंभर ग्रॅम अधिक, अशा मर्यादा नेहमी आढळतात. आपण जिथे धावणार तिथली नियमावली पॅक घेण्याआधी वाचलेली बरी, कारण पुढचे सगळे गणित त्या किमान वजनापासून सुरू होते.

वजन मागे-पुढे सरकवल्यावर नेमके काय होते

वजनाला हात लावण्याआधी टायर योग्य असायला हवेत. मातीला न जुळणारे टायर घातलेल्या गाडीत बॅटरी कुठेही ठेवली तरी ती नीट चालणार नाही, आणि त्या अवस्थेत काढलेले निष्कर्ष पुढे दिशाभूल करतात. टायर जुळले आहेत असे धरून पुढे जाऊ.

बग्गीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, २८० मिमीच्या आसपास असते. २२० ग्रॅमचा पॅक २० मिमी मागे सरकवला तर २२० गुणिले २० भागिले २८०, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जाते. गाडीच्या एकूण वजनाच्या हा एक टक्का झाला. मिड-मोटर टू-व्हील ड्राइव्ह बग्गीत मागच्या चाकांवर साधारण ६० टक्क्यांहून थोडे अधिक वजन असते, तेव्हा ही चाल ६१ वरून ६२ वर जाण्याइतकी आहे.

एक टक्क्याने काय होते, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना दुसरा आकडाही प्रामाणिकपणे समोर ठेवायला हवा. गाडी जोरात सुटते तेव्हा वजन आपोआप मागे जाते. १,५७० ग्रॅमची गाडी, जमिनीपासून ६० मिमी उंचीवर गुरुत्वमध्य आणि गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट त्वरण धरले तर पुढच्या चाकांवरचे सुमारे २७० ग्रॅम त्या क्षणी मागे जातात. त्यापुढे १६ ग्रॅम किरकोळ दिसतात. पण वळणाच्या मध्यावर, थ्रॉटल सोडलेला आहे आणि ब्रेकही नाही अशा अर्ध्या क्षणात, हे २७० ग्रॅम कुठेच नसतात. तिथे गाडीचा तोल स्थिर वाटणीवरच उभा असतो आणि बग्गी वळण चुकते ती बहुधा तिथेच. चालकाला तो एक टक्का जाणवतो तो या जागी.

सैल, धुळीच्या मातीवर टू-व्हील ड्राइव्ह बग्गीचा पॅक मागे, मोटरला टेकवून ठेवावा. मागची चाके माती धरतात आणि गाडी सरळ सुटते. गालिचा, कृत्रिम गवत किंवा घट्ट दाबलेली ओलसर माती अशा पकडीच्या पृष्ठभागावर मागच्या पकडीची वानवा नसते, तिथे पॅक पुढे सरकवला की नाक दबते, गाडी वळणात लवकर शिरते आणि जोरात सुटताना पुढची चाके हवेत उचलण्याची खोड कमी होते.

इथवर बहुतेकांना माहीत असते. त्यापुढची गोष्ट मात्र अनेकदा निसटते. मागे वजन नेले म्हणजे मागची पकड वाढतच जाते असे नाही. टायरवरचा भार वाढतो तशी पकड वाढते खरी, पण भाराच्या प्रमाणात नाही, थोडी कमी. उलट वळणात मागच्या बाजूला बाहेर ओढणारा जोर मात्र वजनाच्या पूर्ण प्रमाणात वाढतो. म्हणून एका मर्यादेपलीकडे मागे नेलेले वजन लंबकासारखे वागू लागते. थ्रॉटल सोडून वळणात शिरताना शेपूट बाहेर फेकली जाते, चालक म्हणतो मागची पकड कमी आहे आणि पॅक आणखी मागे ढकलतो. शेपूट आणखी जोरात निघते. गाडी सरळ सुटताना मागून घसरते की वळणात शिरताना, हे आधी नीट पाहावे. सुटताना घसरत असेल तर मागे वजन देऊन बघणे योग्य आहे. शिरताना घसरत असेल तर एकदा उलट दिशेने, पॅक १० मिमी पुढे आणून पाहावे.

हलका पॅक घातला की गाडी खाली बसते का

बसका पॅक घातला की गुरुत्वमध्य खाली गेला, असे सगळेच गृहीत धरतात. हिशेब करून पाहू. बॅटरी सोडून गाडीचे वजन १,३५० ग्रॅम आणि तिचा गुरुत्वमध्य चॅसिसच्या पत्र्यापासून ४० मिमी उंच आहे असे समजू. त्यात २५ मिमी उंचीचा, २२० ग्रॅमचा पॅक ठेवला तर त्याचे केंद्र १२.५ मिमीवर येते आणि सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य ३६.१ मिमीवर. आता त्याऐवजी १८.५ मिमी उंचीचा, १७० ग्रॅमचा बसका पॅक ठेवू. पॅकचे केंद्र ९.२५ मिमीवर आले, पण गाडीचा गुरुत्वमध्य ३६.६ मिमीवर गेला, म्हणजे अर्धा मिमी वर चढला. कारण बॅटरी ही गाडीतल्या सर्वांत खालच्या वजनांपैकी एक आहे आणि तिथलेच ५० ग्रॅम आपण काढून घेतले.

आता त्या पॅकखाली ५० ग्रॅमची पितळी पट्टी ठेवा. शॉर्टीच्या मापाची अशी पट्टी सव्वा मिमीच्या आसपास जाडीची होते. पॅक तेवढा वर उचलला जातो, तरीही गुरुत्वमध्य ३५.६ मिमीवर येतो आणि एकूण वजन पहिल्याइतकेच राहते. म्हणजे बसक्या पॅकचा उंचीसाठीचा फायदा खरा आहे, पण तो वाचवलेले वजन तळाशी परत ठेवल्यावर मिळतो. वजन परत न ठेवता मिळतो तो दुसरा फायदा, हलकेपणाचा, आणि कमी ताकदीच्या स्टॉक वर्गात किमान मर्यादेच्या जवळ जाण्यासाठी तोच हवा असतो. दोन्ही एकाच वेळी मिळतील अशी अपेक्षा ठेवून पॅक घेतला तर निराशा होते.

गुरुत्वमध्य खाली नेण्याची गरज खरी कुठे, तर पकड जास्त असलेल्या ट्रॅकवर, जिथे टायर घसरत नाहीत आणि गाडी वळणात बाहेरच्या चाकांवर उचलली जाऊन उलटते. सैल मातीवर थोडा उंच गुरुत्वमध्य उपयोगीही पडतो, कारण सुटताना वजन मागे जाण्यास त्याची मदत होते. पूर्वीच्या, मोटर मागच्या आसाच्याही मागे असलेल्या बग्ग्या धुळीच्या ट्रॅकवर आजही चांगल्या चालतात त्याचे कारण हेच, की मागच्या चाकांना लागणारा भार त्यांना मिळतो.

पितळ, टंगस्टन आणि जागा

जादा घालायच्या वजनासाठी पितळ सर्वांत सोयीचे. पितळ दर घनसेंटिमीटरला सुमारे साडेआठ ग्रॅम भरते, शिसे ११.३ आणि टंगस्टन १९.३. जिथे जागाच नाही तिथे टंगस्टनचे छोटे ठोकळे उपयोगी पडतात.

वजन कुठे लावायचे, यात आसांवरचा भार हा एक हिशेब आणि गाडी फिरायला किती जड जाते हा दुसरा. ३० ग्रॅमचे पितळ गुरुत्वमध्यापासून १५ सेंमी पुढे, अगदी नाकाशी लावले तर वळण्याला होणारा त्याचा विरोध ५ सेंमीवर लावलेल्या त्याच पितळाच्या नऊपट असतो, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो. नाकाशी लावलेले वजन पुढच्या चाकांना भार देते, गाडीला खड्ड्यांतून शांत नेते आणि सरळ पट्टीवर स्थिर ठेवते, पण डावीकडून लगेच उजवीकडे वळायचे असेल तर तिला उशीर होतो. हवेतही तसेच. उडीत थ्रॉटल दिला की नाक वर येते, ब्रेक मारला की खाली जाते, आणि ज्या गाडीचे वजन दोन टोकांना पसरले आहे ती या इशाऱ्याला सावकाश उत्तर देते. नवशिक्या चालकाला हा सावकाशपणा आवडतो, आणि आवडण्यात काही गैर नाही. अरुंद, वळणावळणांच्या ट्रॅकवर मात्र आधी पॅक पुढे सरकवून पाहावे, तो पुरत नसेल तर सर्वोखाली (पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरखाली) पितळ लावावे आणि नाकाचे पितळ शेवटी.

डाव्या-उजव्या तोलासाठी चार तराजू लागतातच असे नाही. चॅसिसच्या मध्यरेषेवर पुढे एक आणि मागे एक अशा दोन टोकदार खिळ्यांवर गाडी तोलून धरावी. बॉडी, टायर, बॅटरी सगळे जागेवर असावे. गाडी सतत एकाच बाजूला कलंडत असेल तर दुसऱ्या बाजूला ५-१० ग्रॅम लावून पुन्हा पाहावे. तराजूपेक्षा ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण इथे गाडी स्प्रिंगवर उभी नसते. एखादा स्प्रिंग जास्त दाबलेला असला की चार चाकांखालचे तराजू खोटे आकडे दाखवतात आणि आपण नसलेला दोष वजनाने दुरुस्त करू पाहतो. पॅक एका बाजूला आणि मोटर-ईएससी (ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) दुसऱ्या बाजूला असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह बग्गीत पॅकचे वजन ५० ग्रॅमने बदलले तरी हा तोल बिघडतो. आडव्या, मधोमध ठेवलेल्या शॉर्टीत तेवढा बिघडत नाही.

बदल पारखण्याची पद्धत

वजन हलवल्यावर सगळ्यात आधी राइड हाइट, म्हणजे चॅसिसची जमिनीपासूनची उंची तपासावी. पॅक मागे सरकला की मागची बाजू जरा दबते, हलका पॅक घातला की गाडी वर येते. गाडी हातभर उंचीवरून टेबलावर सोडून ती कुठे स्थिरावते ते पाहावे आणि शॉकवरच्या कॉलरने उंची पूर्वीइतकी आणावी. हे न करता ट्रॅकवर गेलात तर जाणवलेला फरक वजनाचा होता की उंचीचा, हे कधीच कळणार नाही.

मग एका वेळी एकच बदल. पॅक सर्वांत मागे ठेवून पाच फेऱ्या, सर्वांत पुढे ठेवून पाच फेऱ्या आणि पुन्हा मागे ठेवून पाच फेऱ्या. तिसरी खेप टाळू नये. ट्रॅक सुकत जातो, टायर तापतात, चालकाचा हात बसतो, आणि दुसऱ्या खेपेत आलेली सुधारणा यांपैकीच कशाची तरी असू शकते. सर्वांत जलद फेरीपेक्षा पाच फेऱ्यांतला सारखेपणा पाहावा. एकदा फार जलद आणि दोनदा उलटी, अशी गाडी पाच मिनिटांची शर्यत जिंकत नाही. दोन टोके कळली की मधली जागा शोधायला वेळ लागत नाही, म्हणून सुरुवातच ५-५ मिमीने करण्याचा मोह आवरावा.

पॅक जिथे ठरला तिथे तो घट्ट बसला पाहिजे. फोम जुना होऊन दबतो, आणि उडी मारून उतरताना २०० ग्रॅमचा पॅक चार मिमी पुढे आपटत असेल तर वर केलेला सगळा हिशेब दर उडीला मोडतो. दर काही शर्यतींनंतर फोम बदलावा. पट्टी मात्र पॅकला चेपेल इतकी आवळू नये, नाहीतर हार्डकेस वाकून आतले सेल दाबले जातात आणि चॅसिसची लवचीकताही बदलते.

लायपोची काळजी हा वेगळा विषय असला तरी चार गोष्टी इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली कधीही जाऊ देऊ नये, ईएससीचे कटऑफ, म्हणजे मोटर आपोआप थांबवणारे व्होल्टेज, थोडे वरच ठेवावे. चार्ज नेहमी बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरणारी) तार जोडून, उत्पादकाने सांगितलेल्या प्रवाहाने, आग न धरणाऱ्या पिशवीत किंवा पेटीत करावा आणि चार्ज होत असताना तिथून उठून जाऊ नये. काही दिवस वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा, पूर्ण भरलेला पॅक आठवडाभर तसाच पडून राहिला तर त्याचा रोध वाढतो. फुगलेला किंवा हार्डकेसला तडा गेलेला पॅक, कितीही महागाचा असला तरी, पुन्हा गाडीत घालू नये.

शेवटी एक छोटे काम, दहा मिनिटांचे. आपल्याकडचा प्रत्येक पॅक तारांसह तराजूवर ठेवावा आणि त्याचे वजन, उंची व घेतल्याचा महिना चिकटपट्टीवर लिहून ती पॅकवर लावावी. एकाच नावाचे, एकाच साठवणीचे, पण वेगवेगळ्या वर्षी घेतलेले दोन शॉर्टी २० ग्रॅमच्या फरकाचे निघू शकतात. सरावात एक पॅक, शर्यतीत दुसरा, अशी अदलाबदल आपण सहज करतो. शर्यतीत गाडी अचानक वेगळी वागू लागली तर स्प्रिंग आणि शॉकचे तेल यांच्यामागे लागण्याआधी ती चिकटपट्टी वाचावी, आणि वजन कमी असेल तर तेवढ्याच ग्रॅमची पितळी पट्टी पॅकखाली सरकवावी.